चेन सैल, जिवाला घोर

कळंबोलीत राहायचं म्हणजे ट्रकांच्या सोबतीनंच राहायचं. लोखंडबाजाराची अन् शीव-पनवेल महामार्गाची धूळ घरात येते, तशीच मोटारसायकलच्या चेनवरही बसते. गेल्या पावसाळ्यात हे लेकीला क्लासहून आणत असताना भर रस्त्यात चेन उतरली. मागच्या ट्रकवाल्यानं वेळीच ब्रेक मारला म्हणून निभावलं!

दोनच दिवसांपूर्वी चेन ताणून आणली होती. मग बिघडलं कुठं? दुसऱ्या मेस्त्रींनी दाखवलं, तेव्हा कळलं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना चेन ताणायचे नट असतात. एकाच बाजूचा जास्त फिरवला, की चाक तिरकं बसतं.

मैत्रिणींनो, गाडी पुरुषांची म्हणून आपण सोडून देतो. पण मागे पदर सावरत बसतो आपणच ना? तेव्हा एवढं पाहायला शिकाच.

गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद, किल्ली हातात. इंजिन चालू ठेवून चेन पुसू नका, बोटं जातात. चेनचा खालचा भाग मधोमध वर-खाली हलवा. रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर हालचाल ठीक. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक फिरवत चार ठिकाणी पाहा. एकीकडे ताठ, एकीकडे सैल लागली, तर चेन झिजली समजा.

अगदी ताठही नको. माणसं बसली, की चेन आणखी ताणली जाते. शिवणयंत्राचा पट्टा फार आवळला की यंत्र जड चालतं, तसंच हे!

आता दोन्ही बाजूंच्या खुणा पाहा. त्या सारख्याच हव्यात. मागून डोळा लावून चेन सरळ रेषेत दिसते का, तेही बघा. चक्राचे दात एकाच अंगानं घासले असतील, तर चाक तिरकं आहे. चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन ओढून अर्धा दात उघडा पडला, तर चेन बदलायला झाली. तेव्हा दोन्ही चक्रंही सोबतच बदलावीत. जुने दात नवी चेन लवकर खातात.

चेन ताणल्यावर मधला मोठा नट घट्ट झाला ना, चाक मोकळं फिरतं ना आणि मागचा ब्रेक नीट लागतो ना, हे विचारल्याशिवाय गॅरेजमधून निघू नका. रॉकेलच्या फडक्यानं पुसून, वाळवून तेल द्यायचं काम मात्र घरीच होतं. पावसात जरा लवकर लवकर करावं.

आणि हो, साडी गार्ड काढू देऊ नका. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकणारी जाळी हवी, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे.

आमच्याकडे आता दर पंधरवड्याच्या रविवारी चेन पाहिली जाते. फडकं माझं, पाना ह्यांचा!