लेकीच्या बाळंतपणाचा व्हिसा

पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज मराठी घरांत जितका पक्का, तितकाच तमिळ घरांतही. वळैकाप्पूच्या बांगड्या भरल्या की तमिळ लेक आईकडे जाते, डोहाळजेवण झाले की मराठी लेक. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरात रुजलेल्या मराठी कुटुंबांना म्हणून हा रिवाज पाळताना कधी उपरेपणा जाणवला नसेल. ही कुटुंबे एकाच गावात बसून राहिली असेही नाही. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. १८५५ नंतर तंजावरचे राज्यच उरले नाही, तेव्हा शिकलेली घरे मद्रास, बंगळूर आणि पुढे परदेशाकडे वळली. फरक एवढाच की बडोद्याला लेक बाळंत व्हायची असेल, तर तिच्या आईला गाडीत बसण्यापुरती तयारी लागे. आज लेक टेक्सासात किंवा टोरांटोत असते आणि आईला आधी परक्या देशाच्या अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. त्या देशाच्या कागदांत तिची गणती समुद्रकिनारा पाहायला आलेल्या प्रवाशांबरोबर होते. माझे म्हणणे असे, की बाळंतपणाला जाणाऱ्या आईसाठी व्हिसाच्या नियमांत स्पष्ट जागा हवी, आणि ती मिळेपर्यंत कुटुंबांनी आपले खरे कारण लपवू नये.

लेकीनेच इकडे का येऊ नये, हा पहिला प्रश्न. बहुतेक विमान कंपन्या ३६ आठवड्यांनंतर गर्भवतीला घेत नाहीत, म्हणजे प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी निघायला हवे. तेवढी रजा कुठून आणायची? भारतात २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. अमेरिकेत देशभर लागू असा पगारी बाळंतरजेचा कायदाच नाही. तिथल्या १९९३च्या कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही ५० किंवा अधिक माणसे असलेल्या कंपनीत आणि ठरावीक काळ नोकरी झाली असेल तर. त्यात लेक वर्क व्हिसावर असली तर परतताना नवा स्टॅम्प घ्यावा लागण्याची टांगती तलवार. तेव्हा लेकीने यायचे की आईने जायचे, ही निवड बहुतेक घरांत उरतच नाही.

मदतीची गरज किती खरी आहे, हेही अमेरिकेच्याच कायद्यातून दिसते. बाळंतिणीला फार लवकर घरी पाठवले जाऊ नये म्हणून १९९६ साली तिथे कायदा करावा लागला. विमा कंपन्यांनी नैसर्गिक बाळंतपणानंतर किमान ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तास रुग्णालयातील मुक्कामाचा खर्च द्यावा, असे त्यात ठरले. म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी ओली बाळंतीण, न उलगडलेले बाळ आणि भांबावलेला बाप घरी पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत बाळंतपणानंतरचे सहा आठवडे आई आणि बाळ दोघांसाठी जपण्याचे मानले आहेत. आपला सव्वा महिना त्याच्या जवळपास येतो. या काळातले काम कोणत्याही अर्जात लिहिता येण्याजोगे नसते. दर दोन-अडीच तासांनी बाळाला अंगावर घ्यायला बसवणे, छाती दगडासारखी झाली तर शेक देणे, टाके दुखत असताना तिला उठायला हात देणे, पहाटे तीनला बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढणे. मुख्य म्हणजे तिचे डोळे विनाकारण भरून येतात का, तिचे जेवणावरून मन उडाले आहे का, बाळ पिवळे दिसते का, हे ओळखणारी अनुभवी नजर घरात असणे. पगारी बाई यातले काही करील, पण लेकीचा चेहरा जन्मापासून वाचलेली बाई एकच असते.

आता अर्जाचे पाहू. अमेरिकेसाठी हा बी-२ म्हणजे व्हिजिटर व्हिसा. डीएस-१६० हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, १८५ डॉलर फी भरायची. ही फी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. तमिळनाडूतल्या घरांची पहिली अडचण आडनावाच्या चौकटीत येते. इथे आडनावाऐवजी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर लावायची पद्धत, त्यामुळे पासपोर्टवर आडनावाची जागा पुष्कळदा कोरी असते. अशा वेळी पासपोर्टवरचे सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) ही तीन अक्षरे येतात. विमानाचे तिकीट आणि विम्याचे कागद पासपोर्टशी जुळवून घ्यावे लागतात. लेकीच्या कागदांवर आईचे नाव वेगळ्या स्पेलिंगने असेल तर तोही घोळ आधीच निस्तरलेला बरा. पासपोर्ट तंजावरच्या सेवा केंद्रात होतो, पण व्हिसासाठी चेन्नईला जावेच लागते. रात्रीच्या उळवन एक्स्प्रेसने गेले तरी मुक्काम चुकत नाही, कारण बोटांचे ठसे आणि फोटो एका दिवशी एका केंद्रात, तर मुलाखत दुसऱ्या दिवशी जेमिनी पुलाजवळच्या कॉन्सुलेटमध्ये. सप्टेंबर २०२५पासून ७९ वर्षांवरील अर्जदारांना मिळणारी मुलाखतीची सूटही गेली आहे. कोविडनंतर मुलाखतीची तारीख मिळायला काही शहरांत पाचशेहून अधिक दिवस लागत होते. गरोदरपण असते नऊ महिन्यांचे. ही दोन गणिते जुळणार कशी?

खिडकीपाशी प्रत्यक्ष बोलणे दोन-तीन मिनिटांचे असते, आणि त्यामागे अमेरिकी कायद्याचे २१४(बी) हे कलम उभे असते. या कलमाप्रमाणे अर्जदार कायमचा राहायलाच निघाला आहे असे आधी धरले जाते, आणि तसे नाही हे त्याने दाखवायचे असते. इथेच गावोगावचे एजंट सल्ला देतात की बाळाचे नाव काढू नका, नायगारा पाहायला चाललो म्हणा. हा सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचाही. नातेवाइकांना भेटणे हे बी-२चे मान्य कारण आहे आणि लेकीच्या बाळंतपणी तिच्याजवळ असणे त्यात बसते. उलट महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे ठरले, तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. विमानतळावरचा अधिकारी फोनही तपासू शकतो, आणि त्यात बाळंतपणाच्या तारखेवरून झालेल्या गप्पा असतातच. म्हणून सरळ सांगावे: लेक अमुक महिन्यात बाळंत होणार आहे, मी इतके महिने तिच्याजवळ राहीन, खर्च अमुक करणार आहे, आणि परत येईन, कारण इथे माझे घर आहे, पेन्शन आहे, कावेरीच्या डेल्टात भाताची शेती आहे, नवरा आहे. या व्हिसावर नोकरी मात्र चालत नाही. बाळंतिणीला आधार देणे वेगळे, आणि डे-केअरचे पैसे वाचावेत म्हणून आजीला वर्षभर राबवणे वेगळे. ही सीमा आधी कुटुंबाने पाळावी, मग ती अधिकाऱ्याला सांगता येते.

अशी जागा नियमांत करता येते याचे दाखले आहेत. कॅनडाने डिसेंबर २०११मध्ये आईवडील आणि आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा सुरू केला. मूल तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी हवे, त्याचे उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर हवे, आणि येणाऱ्याचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून आलेल्या नातेवाइकाने थोड्या मुक्कामात घरातले मूल सांभाळले तर चालते, फक्त ती पगारी नोकरी ठरता कामा नये, असे अधिकाऱ्यांसाठीच्या सूचनांतच लिहिले आहे. तिरुचिरापल्लीहून थेट विमान असलेल्या सिंगापुरात बाळंतिणीची देखभाल करणाऱ्या मलेशियन बायांसाठी खास वर्क परमिट आहे, बाळ जन्मल्यापासून १६ आठवड्यांचे. स्वीडनने १ जुलै २०२४पासून आईवडिलांना आपल्या पगारी रजेतले ४५ दिवस आजीआजोबांसारख्या दुसऱ्या कोणाला देण्याची मुभा दिली. चार देश, चार पद्धती, पण चौघांनीही एक गोष्ट कबूल केली आहे: बाळाभोवतीचे हे काम खरे आहे आणि त्याला मुदत घालता येते.

यावर पहिला आक्षेप असा, की दार सैल केले तर लोक परतणारच नाहीत. ही भीती निराधार नाही. मुदत उलटून राहणारे असतात. पण कॅनडाने दहा वर्षांच्या अनुभवानंतर सुपर व्हिसावरचा एका वेळचा मुक्काम दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेला, तो २०२२ साली. नुकसान झाले असते तर मुदत वाढवली नसती. दुसरा आक्षेप आजारपणाच्या खर्चाचा. त्याचे उत्तर विम्याची सक्ती. तिसरा, स्थानिक आयांची रोजी जाते. बाळंतपणाचे सव्वा-दोन महिने आई आली म्हणून आयांचा बाजार बसत नाही. उलट लेक धडधाकट होऊन कामावर गेली की आयेची गरज लागतेच.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र आपल्याच घरातून येतो. आजी म्हणजे फुकटची मोलकरीण होते, आधी माहेरची आजी सहा महिने आणि मग सासरची आजी सहा महिने अशी पाळी लावून वर्ष वाटून घेतले जाते, आणि व्हिसा सोपा झाला तर हे वाढेल, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. बर्फात अडकलेली, गाडी न चालवणारी, शेजारी बोलायला कोणी नसलेली साठीची बाई हे चित्र अनेक घरांना ठाऊक आहे. तिचे गुडघे, तिचा मधुमेह, तिची औषधे यांचा विचार तिकिटाच्या आधी व्हायला हवा. आधीपासूनचे आजार बहुतेक प्रवासी विम्यांत धरले जात नाहीत. पण यावरचा उपाय दार बंद ठेवणे हा नाही. उलट तिचे येणे मोकळेपणाने नोंदवले गेले, त्याला मुदत आणि विमा जोडला गेला, तर तिच्याही अटी ठरतात. लपवलेल्या कामाला कसलेच संरक्षण नसते.

तेव्हा मागणी छोटी आहे. डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेशी जोडलेला, सहा महिन्यांपुरता, विम्याची अट असलेला व्हिजिटर व्हिसाचा एक पोटप्रकार असावा, आणि त्यासाठी मुलाखतीची तारीख त्या तारखेच्या आत मिळावी. भारत आणि अमेरिका यांच्यात कॉन्सुलर प्रश्नांवर बोलणी होत असतात. त्यांत विद्यार्थी आणि नोकरदार यांच्याबरोबर हा विषयही यायला हवा, आणि आपल्या खासदारांनी तो परराष्ट्र मंत्रालयापुढे मांडायला हवा. कुटुंबांनी तोवर एवढे करावे: दिवस राहिल्याचे नक्की झाले की आईचा पासपोर्ट काढून बघावा, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अर्ज करावा, आणि जायचे की नाही हे सर्वांत आधी तिला विचारावे. तिने हो म्हटले, तर खिडकीपाशी तिला कोणतेही खोटे कारण पाठ करायला लावू नये. लेकीच्या बाळंतपणाला आई जाते, हे कारण कोणत्याही देशाच्या अधिकाऱ्यापुढे मान वर करून सांगण्याजोगे आहे.