कंपनीनं कमी केल्यानंतरचं घर

घाटनांदूर हे बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातलं रेल्वे स्टेशनचं गाव. परळीहून निघालेला लोहमार्ग घाटनांदूर, पानगाव करत लातूर रोडला पोचतो. तिथून एक फाटा उदगीर-बिदरकडे जातो आणि दुसरा लातूर, बार्शी, कुर्डुवाडीवरून पुण्याकडे. गावातली आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांवरची तरणी पोरं या दुसऱ्या वाटेनं कामाला गेली. चाकण, भोसरी, रांजणगाव ही पुण्याभोवतीच्या औद्योगिक वसाहतींची नावं इथल्या म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडात सहज असतात.

माणूस घरी कधी असायचा, याचं बीड जिल्ह्यात एक पंचांग ठरलेलं आहे. ऊसतोडीची जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर निघतात, पाडवा-अक्षयतृतीयेच्या आसपास परततात. कंपनीतली पोरं दिवाळीला येतात, घरच्या लग्नाला येतात, नाहीतर मयतीला. त्यामुळे ऐन भाद्रपदात, आठवड्याच्या मधल्याच दिवशी कोणी पाठीवर सॅक आणि हातात गादीची वळकटी घेऊन उतरलं की पारावरून प्रश्न येतो, “कव्हा आलास?” आणि लगेच दुसरा, “किती दिस हायेस?” पहिल्याचं उत्तर देता येतं. दुसऱ्याचं त्याच्याकडं नसतं. तो “सुट्टीवर आलोय” म्हणतो आणि त्या एका वाक्याचं ओझं पुढं कित्येक आठवडे सगळं घर वाहतं.

नोकरी गेली की पैशाचं काय, हे सगळ्यांना सुचतं. पण त्या घरातला दिवस कसा मोडतो, याबद्दल आपण फारसं बोलत नाही. माझं म्हणणं असं की घर आधी तिथं खचतं. पैशाची चणचण बीडच्या घरांना नवी नाही. दुष्काळात, पडलेल्या भावात, रखडलेल्या पीकविम्यात ती घरं तगली आहेत. धडधाकट माणूस कामाच्या दिवसांत काम नसताना दारात बसलेला आहे, हे मात्र त्या घराला सोसत नाही.

हे संकट या भागानं अगदी शेजारी पाहिलेलं आहे. जुलै २०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी पूर्ण बंद करावं लागलं. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून त्याला पाणी येतं, तो बंधाराच आटला होता. त्याआधी २०१३ च्या दुष्काळातही हेच झालं होतं. कायम कर्मचाऱ्याचा पगार अशा वेळी चालू राहतो. कोळसा, सफाई, देखभाल अशी कामं करणारा ठेक्यावरचा माणूस मात्र त्याच दिवसापासून घरी बसतो, कारण त्याची हजेरी फाटकावर भरते आणि फाटकावरच संपते. केंद्राच्या राखेवर जगणारे वीटवाले, वाहतूकवाले यांचंही तेच. पुण्याकडच्या कारखान्यांतली गोष्ट याहून वेगळी नाही. कायद्याचे हक्क लागू होणारे २४० दिवस भरण्याआधी मध्येच काढून ‘ब्रेक’ दिला जातो, ठेकेदार बदलतो, ऑर्डर कमी झाल्या की शेवटी आलेला आधी जातो. शिकून संगणकाच्या नोकरीत गेलेल्यांनाही आता याची झळ आहे. टीसीएससारख्या कंपनीनं जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याची धास्ती मराठवाड्यातल्या कितीतरी आईबापांनी घेतली.

दिवस मोडतो म्हणजे काय होतं, याचा एक फार बारकाईचा अभ्यास एका खेड्यातलाच आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गिरणीचं गाव होतं. जागतिक मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल या तरुण संशोधकांनी १९३१-३२ मध्ये तिथं काम केलं आणि १९३३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. बेकारीनं माणसं चिडतील, बंड करतील, असा तेव्हाचा समज होता. त्यांना आढळली ती थकलेली, मंदावलेली माणसं. वाचायला वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली. संशोधकांनी खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजला. पुरुष हळू चालत होते, मध्येच थांबत होते. बायका झपाझप जात होत्या. दिवसभर काय केलं ते लिहून द्या म्हटल्यावर पुरुषांना उठणं, जेवणं आणि झोपणं यापलीकडं फारसं आठवेना.

याहोडा यांनी या विषयावरचा आपला विचार पुढं १९८२ मध्ये पुस्तकातून मांडला. नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते, असं त्या म्हणतात. दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून काही करत असल्याची जाणीव, समाजात एक ओळख आणि हातापायांना नेमानं काम. नोकरी गेली की या पाचही एकदम जातात. पगाराची उणीव उसनवारीनं काही दिवस भरता येते. या पाच गोष्टी कोणी उसन्या देत नाही.

घाटनांदूरसारख्या गावातल्या घरात हे कसं दिसतं? पहाटेच्या शिफ्टसाठी साडेचारला उठणारा मुलगा आठ वाजता उठतो, पंधरा दिवसांनी दहाला. आई सकाळी दोनदा भाकरी टाकते, एकदा शेतात जाणाऱ्यांसाठी आणि एकदा त्याच्यासाठी. मोबाईल हातातून सुटत नाही, आणि त्यात नोकरीच्या जाहिराती कमी, इतर गोष्टीच जास्त. वडील त्याला थेट काही बोलत नाहीत, आईजवळ बोलतात. आई ते गाळून त्याच्यापर्यंत पोचवते. तो दुपारी घरात नको म्हणून टपरीवर जातो, आणि टपरीवर “किती दिस हायेस” नको म्हणून स्टेशनाकडं. लग्न झालेला असेल तर बायकोला आणखी एक काम लागतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या घरी असण्याचं कारण सांगण्याचं.

बाईचा दिवस मात्र मोडत नाही, तो लांबतो. मारिएनथालच्या बायकांचंही असंच होतं. शहरातलं भाड्याचं बिऱ्हाड मोडून गावी आलेली सून आता सासूच्या चुलीवर, सासूच्या हिशेबानं स्वयंपाक करते आणि खुरपणीला रोजानंही जाते. घरात येणारी रोख रक्कम बऱ्याचदा तिच्याच नावावरची असते. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार, बचत गटातून उचललेलं थोडं कर्ज, रोजंदारीचे सुटे पैसे. दुसऱ्या बाजूला दुचाकीचा हप्ता, मोबाईलचा हप्ता आणि आठवड्याला दारात येणारा फायनान्सवाला. हा ताळमेळ तीच बसवते, आणि तरी घरात चर्चा मात्र ‘त्याचं कसं होणार’ याचीच असते. मला हे अन्यायाचं वाटतं. घरात बसलेल्या पुरुषानं पाणी भरणं, मुलांना शाळेत सोडणं, भाजी चिरणं, वडिलांना दवाखान्यात नेणं ही कामं अंगावर घेतली तर बायकोचे दोन तास वाचतात आणि त्याच्या दिवसाला दोन खुंट्या मिळतात. गावात कोणी हसलं तर हसू द्यावं.

“शेती हायच की,” असं अशा वेळी हमखास म्हटलं जातं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण दोन-अडीच एकर कोरडवाहू सोयाबीन-तुरीत आधीच वडील आणि भाऊ राबत असतात. तिथं आणखी एक माणूस आला म्हणून पीक वाढत नाही, एका पिकाचे वाटेकरी वाढतात. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यातले हजारो जण कोकणात, साताऱ्याकडं, कोल्हापूरकडं आपापल्या गावी परतले. गावच्या जमिनीनं त्यांना काही महिने जेवू घातलं, पण जी नोकरी परत मिळाली नाही तिची जागा ती घेऊ शकली नाही. मुंबईत उरलेल्यांच्या घरांत काय झालं, ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’नं रंगभूमीवर आणलं. ते गिरणी कामगाराच्या घराच्या चार भिंतींतलंच नाटक आहे. शेतीनं आसरा जरूर द्यावा, पण पुढच्या नोकरीचा शोध तिच्या भरवशावर थांबवू नये.

सगळ्यात महाग पडतं ते लपवणं. मराठवाड्यात आज नोकरी नसलेल्या मुलाचं लग्न जमणं किती अवघड आहे, हे कुठल्याही बापाला विचारावं. बायोडाटावर ‘पुण्यात कंपनीत’ लिहिलेलं असतं आणि ते पुसायची हिंमत घरात कोणाची होत नाही. मग सुट्टी वाढवून मिळाली, कंपनीचं काम बंद आहे, बदली होणार आहे, अशी एकावर एक कारणं रचली जातात. दिखाव्यासाठी खर्चही चालू ठेवावा लागतो, आणि ज्या पाहुण्याला एखाद्या जागेची माहिती होती त्याला ती सांगण्याचं कारणच उरत नाही. चाकणमधली कितीतरी कामं ओळखीनं मिळतात. नोकरी गेल्याचं ज्याला कळलंच नाही, तो ओळखीचा माणूस काय मदत करणार?

आता कागदांचं, कारण पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडं लक्ष दिलं तर घराला काही महिने श्वास मिळतो. कामावरून कमी करताना बऱ्याच ठिकाणी राजीनाम्याच्या कागदावर सही मागतात. ती घाईनं करू नये. स्वतः राजीनामा दिला असं झालं की कपातीच्या भरपाईवरचा हक्क जातो. वर्षभर सलग सेवा, म्हणजे वर्षात किमान २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही ती आहे, आणि शिवाय नवं कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम देण्याची भर आहे. उरलेला पगार कामावरून काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा. ठरावीक मुदतीच्या करारावरचा माणूस मुदत संपून बाहेर पडला तर ती कपात धरत नाहीत, मात्र नव्या संहितेनुसार वर्षभराच्या सेवेवर त्याला ग्रॅच्युइटी मिळते. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हेही कितीजणांना माहीत नसतं.

पगारातून ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, म्हणजे साधारण २१ हजारांपर्यंत पगार असेल, तर कार्ड नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपत नाही. भरलेल्या हप्त्यांनुसार पुढं काही महिने उपचारांचा हक्क राहतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये ईएसआय महामंडळानंच आणली. अटी पूर्ण करणाऱ्याला तिच्यातून आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी कमाईच्या निम्म्या दरानं बेकारी साहाय्य मिळतं. मुदतवाढीवर चालणारी ही योजना अर्जाच्या वेळी चालू आहे ना, तेवढं पाहून घ्यावं. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम सगळीच्या सगळी काढून घेण्याची घाई मात्र करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातला पेन्शनचा भाग दहा वर्षांच्या एकूण सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क देतो. ब्रेकनंतर दर वेळी खातं रिकामं करणाऱ्या पोराची ती दहा वर्षं कधीच भरत नाहीत. तोच यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक, पुढच्या नोकरीत चालवावा.

आणि झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, माणूस बोलेनासा झाला असेल, तर ते आळस म्हणून सोडून देऊ नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथं मराठीतून बोलता येतं. ज्या जिल्ह्यानं इतक्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, त्यानं याला लाजण्याचं काही कारण नाही.

नोकरी गेलेल्या पोरांना एवढंच सांगायचंय की घरात शिरल्या दिवशीच आईवडिलांना आणि बायकोला समोर बसवून खरं सांगा. किती पैसे हातात आहेत, कोणते हप्ते आहेत, कोणते कागद मिळायचे आहेत, हे एका वहीत सगळ्यांसमोर लिहा. सकाळी कंपनीच्या वेळेलाच उठा, अकरापर्यंतचा वेळ अर्ज, फोन आणि चौकशीसाठी राखा, नंतर घरातलं किंवा शेतातलं ठरलेलं काम करा. आणि पारावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे. असा पोरगा दिसला तर किती दिस हायेस असं विचारू नका. कोणतं काम येतं, ते विचारा, आणि तुमच्या ओळखीत कुठं जागा असेल तर त्याच्यासमोरच फोन लावा.