नभोवाणी आणि अभिरुची

रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराचा प्रसंग आहे. एकेका राजापुढून ती जात असते आणि सोबतची सुनंदा प्रत्येकाचा पराक्रम वर्णन करून सांगत असते. अंगदेशाच्या राजाकडे इंदुमती एकदा पाहते आणि पुढे चालण्याची खूण करते. येथे कालिदास आपल्या वतीने थोडासा खुलासा करतो. तो राजा नाकारण्याजोगा होता असे नव्हे, आणि इंदुमतीला पारख नव्हती असेही नव्हे. माणसांच्या आवडीच निरनिराळ्या असतात. आवडीनिवडीच्या वादात हा खुलासा सहसा कोणाच्या ध्यानात राहात नाही. आपल्याला जे रुचत नाही ते हलके तरी ठरते, किंवा ते ज्याला रुचते तो अडाणी तरी ठरतो. एखाद्या घरात हा वाद चालला, तर तो जेवणाच्या पानाबरोबर संपतो. परंतु ज्याच्या हाती साऱ्या देशाचे ध्वनिक्षेपण आहे त्याने अशी आवडनिवड केली म्हणजे काय होते, याचा अनुभव भारताने एकदा घेतला आहे.

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ साली केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. ते स्वतः शास्त्रीय गायन शिकलेले होते. चित्रपटगीतांनी लोकांचा कान बिघडत चालला आहे, पाश्चात्त्य ढंगाच्या चालींची त्यांत उसनवारी आहे आणि शब्दही सवंग आहेत, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण प्रथम कमी करण्यात आले. पुढे गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगायचे नाही असे ठरले, कारण नाव सांगणे ही चित्रपटाची फुकट जाहिरात होय, असे खात्याचे म्हणणे होते. निर्मात्यांनी रागावून ध्वनिमुद्रिका वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. अशा रीतीने काही सरकारच्या तत्त्वनिष्ठेने आणि काही निर्मात्यांच्या हट्टाने चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

या धोरणाची थट्टा पुष्कळ झाली आहे. त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. १९४८-४९ च्या सुमारास संस्थाने विलीन झाली आणि गवयांचे आश्रयस्थान गेले. ज्या बडोद्याच्या दरबारात फैयाजखाँ होते आणि ज्या ग्वाल्हेरच्या नावाने गायकीचे घराणे ओळखले जाते, त्या गावांतील कलावंतांना यापुढे पोसणार कोण, हा प्रश्न खरा होता. त्याला मिळालेले एक मोठे उत्तर म्हणजे आकाशवाणी. १९५२ च्या जुलैमध्ये संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. ज्याला मैफलीचे तिकीट परवडले नसते त्यालाही घरबसल्या मोठ्या गवयाचा सबंध राग ऐकावयास मिळू लागला. १९५५ साली इंदूरला केंद्र उघडले. दरबाराच्या दिवाणखान्यात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्या ओसरीवर आता दरबारी कानडा येऊन पोहोचला, हे काही लहानसे काम नव्हे.

केसकरांची चूक काय द्यावे हे ठरविण्यात नव्हती. काय काढून घेतले म्हणजे काय रुचू लागेल, या हिशेबात होती. एक आवड मोकळी केली की त्या जागी दुसरी आपोआप येऊन बसेल, असे त्या हिशेबात गृहीत होते. पण श्रोत्याच्या हाताशी यंत्राची खुंटी होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी सिलोनमध्ये लघुलहरींचा एक शक्तिमान प्रक्षेपक उभारलेला होता. त्याच्यावरून रेडिओ सिलोनचे हिंदी कार्यक्रम हिंदुस्थानभर स्वच्छ ऐकू येत. १९५२ च्याच डिसेंबरात तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत बोलत, ते मुद्रण कोलंबोला जाई, आणि तेथून निघालेला आवाज इंदूर, हैदराबाद, बेळगावच्या घरांत बुधवारी रात्री आठ वाजता उतरे. ज्या मुंबईतून ही गाणी निघत, तेथल्या आकाशवाणी केंद्रावर मात्र त्यांना मज्जाव होता. नाक धरावयाचे म्हणून हात डोक्यामागून नेण्याचाच हा प्रकार!

अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीते उजळ माथ्याने परत आली. त्या कार्यक्रमाची उभारणी पंडित नरेंद्र शर्मा यांच्याकडे सोपविण्यात आली होती. ते हिंदीतील मान्यवर कवी, आणि चित्रपटांसाठी गीते लिहिणारेही होते. ही निवड पुष्कळ बोलकी आहे. काव्य आणि करमणूक यांच्यामध्ये धोरणाने जी भिंत घातली होती, तिच्या दोन्ही बाजूंना मुळात तीच माणसे वावरत होती.

मराठी श्रोत्यांना तर याचे प्रत्यंतर दोन वर्षे आधीच मिळाले होते. चित्रपटगीतांवरील बंधन चालू असतानाच, १९५५ च्या रामनवमीस, म्हणजे १ एप्रिल रोजी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. केंद्रावरील सीताकांत लाड यांची ती योजना. गीते ग. दि. माडगूळकरांची आणि चाली सुधीर फडके यांच्या. आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर चालावयाचे होते. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीतांची संख्या छप्पन्न झाली. हे दोघेही चित्रपटसृष्टीत नावारूपास आलेले होते. माडगूळकरांनी १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’साठी लावण्या लिहिल्या होत्या. ज्या लेखणीतून फडावरची लावणी उतरली, तिच्यातूनच कौसल्येचा शोक उतरला. चित्रपटाने त्या लेखणीचे काही बिघडविलेले दिसत नाही. उलट थोड्या वेळात, थोड्या शब्दांत, एका पात्राच्या तोंडून एक प्रसंग उभा करावयाचा आणि तो प्रथमच ऐकणाऱ्याला कळला पाहिजे, ही शिस्त तिला चित्रपटानेच लावली होती. गीतरामायणाचे यश भक्तीचे आहे, हे खरेच. पण त्यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

गीताचे शब्द वृत्तपत्रांतून छापून येऊ लागले. माणसे यंत्राला हार घालून ऐकावयास बसत, असे जुने लोक सांगत. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा भिन्न गळ्यांतून ती गीते आली, आणि पुण्यापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत, जेथे शेजारची भाषा कानडी, हिंदी किंवा गुजराती होती, तेथे मुलांच्या कानावर पडलेली पहिली घडीव मराठी अनेकदा याच गीतांची होती.

मग हे काव्य की नुसते गीत? मराठीत हा प्रश्न नेहमी निघतो आणि ‘गीतकार’ हा शब्द कित्येकदा ‘कवी’पेक्षा एक पायरी खाली उभा केला जातो. येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. नवकाव्याचे अग्रणी बा. सी. मर्ढेकर हेही आकाशवाणीचेच अधिकारी होते. २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा गीतरामायणाचे वर्ष संपत आले होते. एकाच संस्थेच्या छपराखाली मराठी कवितेची दोन टोके नांदत होती: एक ऐकताक्षणी कळणारे, दुसरे पुन्हा पुन्हा वाचूनही पुरते हाती न येणारे. पण मर्ढेकरांनी नभोवाणीसाठी संगीतिकाही लिहिल्या, हे त्यांच्या दुर्बोधतेविषयी बोलणारे विसरतात. ज्याला मर्ढेकर आवडतात त्याला माडगूळकर आवडू नयेत, असा नियम कोणत्याही रसिकाच्या मनाने केलेला नाही. तो नियम वर्गवारी करणाऱ्यांच्या सोयीचा आहे. दोन्हींकडून मागणे मात्र वेगळे असते, आणि एकाचे माप दुसऱ्याला लावले की दोघांवरही अन्याय होतो.

ग्वाल्हेरच्या भास्करराव तांब्यांचे उदाहरण याहून जुने आणि आपल्या वाचकांना अधिक जवळचे आहे. महाराष्ट्राबाहेर जन्मलेला, संस्थानाचा राजकवी असलेला हा कवी १९४१ साली वारला. हयातीत त्याचा वाचकवर्ग काव्यप्रेमी मंडळींचा होता. पुढे वसंत प्रभू यांनी त्याच्या कवितांना चाली दिल्या, लता मंगेशकर यांनी त्या गायिल्या, आणि ज्यांनी कवितेचे पुस्तक कधी उघडले नव्हते अशा असंख्य लोकांना तांबे तोंडपाठ झाले. अनेकांना ती गीते कोणाची हे ठाऊकही नसते. कवीच्या नावाचे हे नुकसान की कवितेचा हा विजय, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. एवढे मात्र निश्चित की करमणूक समजून ऐकलेल्या त्या तीन-चार मिनिटांच्या मुद्रिकेने पुष्कळांना पुढे पुस्तकापर्यंत नेले.

त्या काळच्या घरात यंत्र एकच असे. आजोबांना सकाळचे अभंग हवे, वडिलांना बातम्या, मुलींना बुधवारची गीतमाला. आणि कोणालाही आपले तेवढेच ऐकून उठता येत नसे. स्वयंपाकघरातून, अभ्यासाच्या पाटावरून, नको असलेलेही कानावर येई. बहुतेकांची अभिरुची या नको असलेल्यातूनच वाढली. आपल्याला अमुक आवडते असे प्रत्येकजण म्हणतो, पण ती आवड बरीचशी दुसऱ्याने लावलेल्या गाण्याची उधारी असते. केसकरांनाही हेच साधावयाचे होते. फक्त त्यांनी वेगळे काही ऐकविण्याबरोबर हवे असलेले बंदही केले, आणि श्रोता खोलीतच थांबेल असे धरून चालले.

आज बंदी कशावरच नाही. गीतमाला १९८९ साली विविध भारतीवर आली आणि १९९४ साली संपली. सायानी २०२४ साली निवर्तले. आता घरातील प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र यंत्र आहे, कानात स्वतंत्र बोंडे आहेत, आणि काल काय ऐकले ते पाहून यंत्र त्याच जातीचे गाणे पुढे करते. सुनंदेने इंदुमतीला असे नेले असते, तर पहिला जो राजा तिला बरा वाटला त्याच्यासारखेच दहा राजे तिच्यासमोर आले असते. अंगराज टळला असता, अवंतीचा आणि माहिष्मतीचाही टळला असता. आणि त्या सर्वांच्या पलीकडे बसलेल्या अजापर्यंत ती पोहोचली असती की नाही, हे सांगणे कठीण आहे.