भांडण त्यांचे, शेत आपले

आम्ही शाळेत इतिहास शिकवीत होतो, तेव्हाची गोष्ट. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या लढायांचा धडा चालला होता. शेतकऱ्याचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, इंग्रजांचा देश लांब. फ्रेंचांचाही लांब. भांडायचं होतं तर आपल्या घरी भांडायचं. आमच्या शेतात कशाला आले?"

पोराचा प्रश्न लाखमोलाचा होता. मंडळी, त्याचे उत्तर आज आपण समजून घेऊ.

व्यापारी कसे आले

आज ज्याला तामिळनाडू म्हणतात, तिथला समुद्रकिनारा सुती कापडासाठी नावाजलेला होता. विणकरांनी विणलेले ते कापड युरोपात चांगल्या किमतीला जाई. ते घ्यायला इंग्रज आले. त्यांची कंपनी १६०० साली निघाली होती. कंपनी म्हणजे अनेकांनी पैसा घालून चालवलेला व्यापार. त्यांनी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, वखार घातली. वखार म्हणजे माल साठवायची जागा. मागून फ्रेंचांची कंपनी निघाली, १६६४ साली. तिने पाँडिचेरीला ठाणे केले.

बाजार एक, माल एक आणि दुकाने दोन. मग चुरस लागणारच. वखारीभोवती तट आला. तटावर तोफा आल्या. तोफांमागे शिपाई आले.

१७४४ साली युरोपात इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध जुंपले. त्याची आग इथवर पोचली. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास घेतले. हा मुलूख अर्काटचा नवाब अन्वरुद्दीन याच्या अंमलाखाली होता. "माझ्या मुलखात लढाई नको," असे त्याने बजावले होते. फ्रेंचांनी ऐकले नाही. तेव्हा त्याने मोठी फौज पाठवली. अड्यार नदीकाठी फ्रेंचांच्या जेमतेम हजारभर कवायती शिपायांनी तिला पळवून लावले. त्या शिपायांत गोरे थोडे होते. बाकीचे आपल्याच देशाचे लोक होते, बरं का!

१७४८ साली युरोपात तह झाला. फ्रेंचांनी मद्रास परत दिले. त्याच्या बदल्यात त्यांना उत्तर अमेरिकेतला लुईबर्ग नावाचा किल्ला परत मिळाला. बाजारात बैलाला बैल बदलतात, तसे हे झाले. मद्रासच्या माणसांना कोणी विचारले नाही.

भाऊबंदकी

त्याच वर्षी हैदराबादचा निजाम वारला. त्याचा मुलगा नासिरजंग आणि मुलीचा मुलगा मुजफ्फरजंग यांच्यात गादीचे भांडण लागले. अर्काटच्या गादीवरही चंदासाहेब हक्क सांगू लागला. तो सात वर्षे मराठ्यांच्या कैदेत होता आणि नुकताच सुटला होता.

बांधावरून भाऊ-भाऊ भांडले की तिसऱ्याचे फावते, हे तुम्हांला सांगायला नको. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले मोठा धूर्त माणूस. त्याने मुजफ्फरजंग आणि चंदासाहेब यांना फौज दिली. मग इंग्रजांनी दुसऱ्या बाजूला हात दिला. युरोपात तेव्हा दोघांचा तह होता. इथे मात्र ते नवाबांच्या आडून लढत होते.

याचे फळ काय? १७४९ साली अन्वरुद्दीन लढाईत पडला. १७५० साली नासिरजंग मारला गेला. १७५१ साली मुजफ्फरजंग गेला. १७५२ साली चंदासाहेब तंजावरच्या भोसल्यांच्या सेनापतीच्या हाती सापडला आणि त्याचे डोके उडवले. चार वर्षांत चार जण संपले. गुत्तीचे मुरारराव घोरपडे यांचे मराठी घोडेस्वारही या धामधुमीत होते, कधी या बाजूने, तर कधी त्या बाजूने.

शेवट काय झाला

१७५६ साली युरोपात पुन्हा युद्ध पेटले. पण आता इंग्रजांचे पारडे जड होते. त्यांचे आरमार मोठे होते. शिवाय १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर बंगालचा पैसा त्यांच्या हाती आला होता. फ्रेंचांना आपल्या शिपायांचा पगार देणेही जड जाई. २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाश येथे फ्रेंच हरले. पुढच्या जानेवारीत पाँडिचेरी पडली. त्याच आठवड्यात, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर मराठे हरले. इंग्रजांचे दोन मोठे प्रतिस्पर्धी एकाच वेळी खचले.

१७६३ च्या तहाने फ्रेंचांना पाँडिचेरी परत मिळाली, पण त्यांचा जोर कायमचा गेला. तिथला त्यांचा अंमल मात्र १९५४ सालापर्यंत टिकला.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजांच्या बाजूचा नवाब महंमदअली, अन्वरुद्दीनचा मुलगा, तो तरी सुखी झाला असेल. मुळीच नाही! त्याला गादी मिळाली आणि गादीबरोबर कर्जही मिळाले. इंग्रजांनी लढाईचा खर्च त्याच्या नावावर मांडला. तो फेडायला त्याने कंपनीच्याच गोऱ्या नोकरांकडून जबर व्याजाने पैसे काढले. त्यासाठी गावांचा सारा गहाण पडला. सावकाराचे व्याज कसे चढते, हे ज्याने सोसले त्याला ठाऊक. १८०१ साली कंपनीने सगळा मुलूखच आपल्या हाती घेतला. नवाब नावापुरता उरला.

आणि तो सारा भरीत कोण होता? शेतकरी. फौज जाई त्या वाटेवरच्या गावांतून दाणा-वैरण उचलली जाई. तोफा आणि गाडे ओढायला बैल लागत. ते बैलही शेतकऱ्याचेच.

पोराला दिलेले उत्तर

आम्ही त्या मुलाला म्हणालो, "बाळ, ते आले व्यापाराला. चुरशीपायी त्यांनी हत्यारे आणली. पण त्यांना घरात घेतले ते आपल्याच भांडणाऱ्या मोठ्यांनी. शिपाई आपले, पैसा आपला, शेत आपले. त्यांचे होते ते फक्त भांडण."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, म्हणजे दार आतून उघडलं होतं."

मंडळी, आम्ही सारा तास बोललो, आणि पोराने ते एका वाक्यात सांगितले.