हिरड्यांतून रक्त येते? दुखण्याची वाट पाहू नका

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसते. चूळ भरली की जाते आणि आपण कामाला लागतो. दुखत तर नाही, मग डॉक्टरकडे कशाला, असे घरोघरी म्हटले जाते. पण हिरड्यांचा आजार, म्हणजेच पायोरिया, सुरुवातीला दुखतच नाही. दात हलू लागतो तेव्हा त्याला धरून ठेवणारे हाड बरेचसे झिजलेले असते, आणि झिजलेले हाड सहसा पुन्हा भरून येत नाही.

आजार कसा होतो?

दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर थुंकीतल्या क्षारांमुळे कडक होतो. हेच दातांवरचे कीट. मग हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मध्ये खाच पडते. या खाचेत हवा पोहोचत नाही, म्हणून हवा नको असलेले जंतू तिथे माजतात. त्यांतला एक मुख्य जंतू म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. तो आजूबाजूची प्रथिने कापत जातो आणि हिरडीच्या पेशीत शिरूनही राहू शकतो.

पेशींचे काय होते?

जंतूंना मारायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवते. त्या ऑक्सिजनपासून बनलेले दाहक रेणू जंतूंवर सोडतात. हा मारा थोडा वेळ चालला तर उपयोगाचा असतो. पण जंतू त्या थरात दडून बसतात आणि या रेणूंपासून बचाव करण्याची साधनेही त्यांच्याकडे असतात. त्यामुळे मारा महिनोन् महिने चालतो आणि त्याची झळ आपल्याच पेशींना बसते. पेशीचे आवरण, प्रथिने, डीएनए यांना इजा होते. पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया बिघडतात आणि तीही असेच रेणू सोडू लागतात. झळ शोषून घेणारी शरीरातली द्रव्ये कमी पडतात. या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हिरडी आणि हाड झिजण्यामागे त्याचा मोठा हात असतो.

ही सूज तोंडापुरती राहत नाही. रक्तावाटे तिचा परिणाम शरीरभर होतो आणि साखर आवरणे कठीण जाते. उलट, साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साधारण ०.४ ने उतरते असे अभ्यासांत दिसले आहे. हृदयविकाराशीही या आजाराचा संबंध आढळतो.

मशेरी हे मंजन नव्हे

लालबाग-परळच्या गिरण्यांत कापसाच्या धुळीत विडी पेटवणे धोक्याचे, म्हणून कामगारांच्या खिशात तंबाखूची चंची असे. घरात बाया तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करत. डॉ. प्रकाश गुप्ता यांनी मुंबईत ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख लोकांची पाहणी केली. ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. पुरुषांत सुमारे ६९ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ५७ टक्के लोक तंबाखू वापरत होते. स्त्रियांचा तंबाखू जवळजवळ सगळा मशेरीसारखा, न ओढण्याचा.

मशेरीने दात घट्ट होतात हा गैरसमज आहे. ती घासली जाते तिथली हिरडी मागे सरते, मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. घरच्या तव्यावरची मशेरी मात्र आपणच बंद करायची आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे त्यांचा आजार लपून राहतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

काय करावे?

* मऊ ब्रश आणि फ्लोराइडच्या पेस्टने सकाळी व रात्री झोपताना दोन मिनिटे दात घासा. दात आणि हिरडी जुळतात तिथे ब्रश हलका फिरवा.
* रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका. थांबवले तर थर वाढतो.
* पेरू, आवळा, लिंबू खा. त्यांतले क जीवनसत्त्व हिरड्यांना उपयोगी आहे. पण खाण्याने कीट निघत नाही.
* कीट डॉक्टरांकडूनच काढून घ्या. त्याने दात सैल होत नाहीत. कीट निघाल्यावर फटी दिसतात, त्या आजाराने आधीच पडलेल्या असतात.
* मधुमेह किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.
* दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही दिसले तर लगेच दाखवा.

कुठे जावे?

खाजगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. गिरगाव आणि दादरहून ते सोयीचे. परळ-लालबागकरांना सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय गाठता येते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आणि जाताना घरातल्या मधुमेही आजी-आजोबांनाही सोबत न्या.