संपाला मुदत जूनपर्यंतची
(वसतिगृहांची गोष्ट : भाग 6)

मागच्या आठवड्यात आपण तक्रारवही पाहिली. भिंतीला ओल, नळाला पाणी नाही, पंखा बंद, आणि प्रत्येक नोंदीखाली वॉर्डनची इमानेइतबारे केलेली सही. वही भरली तरी काही हललं नाही, की पुढची पायरी म्हणजे पैसे अडवणं. ती पायरी कशी चढतात हे इंग्लंडमध्ये नीट दिसतं.

तिथे विद्यापीठाच्या हॉलमध्ये, म्हणजे वसतिगृहात, राहणारी बहुतेक मुलं पहिल्या वर्षाची असतात. शैक्षणिक कर्जाची रक्कम खात्यावर पडते त्या सुमारास, वर्षातून साधारण तीन हप्त्यांत ती भाडं भरतात. हप्ता बँकेतून आपोआप वळता होतो. ती सूचना ठरलेल्या तारखेआधी रद्द करायची, एवढाच काय तो संप. एकट्यानं केलं तर दंडाची नोटीस येते. काही शे खोल्यांनी एकदम केलं, की विद्यापीठ बैठक बोलावतं.

पूर्वी विद्यापीठांच्या हातात हुकमाचा एक्का होता : भाडं थकवलंत तर पदवी अडवू. 2014 मध्ये तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगनं बजावलं, की शिक्षणशुल्क सोडून इतर थकबाकीपोटी पदवी रोखणं ग्राहक कायद्याच्या विरोधात जाऊ शकतं. 2012 पासून इंग्लंडमध्ये वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा 9,000 पौंडांवर गेली होती. इतके पैसे मोजणारा विद्यार्थी म्हणजे ग्राहक, हे एकदा मान्य केल्यावर ग्राहकाचे हक्कही मान्य करावे लागले. ती काही मेहेरबानी नव्हती.

त्या इशाऱ्याचा उपयोग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या मुलांना 2015 मध्ये झाला. कॅम्पबेल हाउस या त्यांच्या हॉलला लागूनच बांधकाम सुरू होतं आणि परीक्षा तोंडावर होत्या. मुलांनी भाडं अडवलं. कॉलेजनं शैक्षणिक कारवाईचा धाक घातला, पण तो टिकला नाही आणि शेवटी नुकसानभरपाई द्यावी लागली. पुढच्याच वर्षी याच कॉलेजात कितीतरी मोठा भाडेसंप झाला.

मँचेस्टर विद्यापीठाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी. 2020 च्या सप्टेंबरात मुलांना हॉलमध्ये बोलावून घेतलं आणि भाड्याचे करार झाले. मग कोविडमुळे तासिका मोठ्या प्रमाणात ऑनलाइन गेल्या. म्हणजे भाडं भरून एका खोलीत कोंडून घ्यायचं आणि लॅपटॉपवर शिकायचं. 5 नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये दुसरी टाळेबंदी लागली. त्याच दिवशी सकाळी विद्यापीठाच्या फॅलोफील्ड या वसतिगृहांच्या परिसरातल्या मुलांनी पडदे सरकवले तर बाहेर उंच लोखंडी कुंपणं उभी राहत होती. का, कशासाठी, हे आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी शेकडो मुलं जमली आणि त्यांनी ती कुंपणं आडवी पाडली. कुलगुरू नॅन्सी रॉथवेल यांना माफी मागावी लागली. आठवड्याभरात काही मुलांनी तिथल्याच ओवेन्स पार्कच्या रिकाम्या टॉवरमध्ये ठाण मांडलं. भाडं अडवण्याची तयारी त्याआधीच सुरू होती. नोव्हेंबर संपायच्या आत विद्यापीठानं पहिल्या सत्राच्या भाड्यात 30 टक्के कपात जाहीर केली. ती संपकऱ्यांपुरती नव्हती, हॉलमधल्या सगळ्यांसाठी होती.

कुंपणं सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण कपात मिळवून दिली ती भाड्याच्या तारखेनं, असं मला वाटतं. संतापानं पाडलेलं कुंपण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं करता येतं. तिजोरीतली तूट तशी लपवता येत नाही.

आता आपल्याकडे, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात येऊ. 2019 च्या ऑक्टोबरात तिथे वसतिगृहांची नवी नियमावली मंजूर झाली. दोघांच्या खोलीचं भाडं महिन्याला 10 रुपयांवरून 300 आणि एकट्याच्या खोलीचं 20 वरून 600. शिवाय सेवाशुल्क, वीज, पाणी हे सगळं नव्यानं. मूळचे आकडे ऐकून अनेकांना हसू आलं. पण खोलीभाडं हा त्या बिलाचा लहान भाग होता. सेवाशुल्काचाच अंदाज महिन्याला 1,700 रुपयांचा होता. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरात दीक्षान्त समारंभाला आलेले मनुष्यबळ विकासमंत्री त्यांच्या निदर्शनांमुळे सहा तासांहून जास्त वेळ सभागृहात अडकून पडले. प्रशासनानं टप्प्याटप्प्यानं थोडी माघार घेतली, आणि जानेवारी 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला, की नव्या सत्राची नोंदणी न झालेल्या विद्यार्थ्यांनी जुन्याच दरानं नोंदणी करावी.

फरक पाहा. इथे वसतिगृहात संशोधक विद्यार्थी कित्येक वर्षं राहतात. प्रत्येक वसतिगृहाला निवडून आलेली समिती असते, मेस सेक्रेटरी असतो. कोणत्या वर्षी काय ठरलं होतं, हे सांगणारं कुणीतरी त्याच मजल्यावर सापडतं. मँचेस्टरच्या हॉलमध्ये करार जूनमध्ये संपला की मुलं शहरात भाड्याची घरं शोधतात आणि सप्टेंबरात सगळा मजला नवा. प्रशासन मात्र तेच. आपल्याकडच्या सरकारी वसतिगृहांतही प्रवेशाचं दरवर्षी नूतनीकरण होतं, आणि ‘पुढच्या वर्षी खोलीचं बघू’ एवढ्या एका वाक्यात भल्याभल्यांची तोंडं बंद होतात.

2023 च्या सुरुवातीला मँचेस्टरमध्ये पुन्हा भाडेसंप झाला. मागणी होती 30 टक्के कपातीची. महागाई वाढलेली होती, मुलांनी विद्यापीठाच्या इमारतीही ताब्यात घेतल्या. 2020 च्या वेळी हॉलमध्ये असलेली मुलं तोवर पदवीच्या वाटेवर होती, नाहीतर शहर सोडून गेली होती. या वेळी विद्यापीठानं माफी मागितली नाही. ते न्यायालयात गेलं, ताब्याचा आदेश घेऊन आलं, आणि मार्चमध्ये बेलिफांनी मुलांना बाहेर काढलं. काहींवर शिस्तभंगाची कारवाईही सुरू झाली.

मेस सेक्रेटरी नेमकं काय करतो, आणि डाळ पातळ झाली की हिशेबाची वही कुणाकडे मागायची, ते पुढच्या आठवड्यात.