खेड्यांतील पाणचक्कीची वही

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः पूर्वेकडील खेड्यांतून, ओढ्याकांठीं पाणचक्क्या असत. शेतकरी मक्याचें वा गव्हाचें पोतें घेऊन येई आणि पीठ घेऊन परत जाई. गिरणीवाला पैसा मागत नसे. दळणांतील ठराविक हिस्सा तो मापून काढून घेई. हीच त्याची दळणावळ. हा हिस्साही मनास येईल तसा घ्यावयाचा नव्हता. कोठें सोळावा, कोठें दहावा, कोठें आठवा, असा तो कायद्यानें बांधून दिलेला असे.

व्यवहार जागच्या जागीं मिटला म्हणजे लिहावयाचें काय? अशा जुन्या वह्या चाळणारास पहिला चकवा बसतो तो येथेंच. ज्या कामासाठीं गिरणी उभी, तेंच काम वहींत पुष्कळदां सांपडत नाहीं! वहींत चढे ती उधारी: हिश्श्याच्या धान्याचें पीठ कोणी नेलें, त्याच बंधाऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या करवतीनें कोणाला फळ्या पाडून दिल्या, इत्यादि. रोजचें रोज एका वहींत टिपावयाचें आणि सवडीनें ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरावयाचें. आपल्याकडील रोजकीर्द व खतावणी यांचीच हीं भावंडें.

जमेच्या बाजूस मात्र रोकड थोडी. कोणी सर्पणाची गाडी टाकलेली, कोणी लोणी दिलेलें, कोणी बंधाऱ्याच्या डागडुजीवर दोन दिवस राबलेला. प्रत्येकाची किंमत पैशांत मांडलेली, पण पैसा हातीं आलेला नाहीं. डॉलरचा कायदा 1792 सालीं झाला, तरी न्यू इंग्लंडांतील कित्येक खेडूत पुढेंही बराच काळ शिलिंग-पेन्सांतच हिशेब करीत. वर्षा-दोन वर्षांनीं उभयतां बसून बाकी काढीत व वहींतच सह्या करीत. तोंवर व्याज बहुधा लावीत नसत.

बाकीवरून तंटा झाला तर? त्या काळीं पक्षकाराला स्वतःच्या दाव्यांत साक्ष देण्याची सामान्यतः मुभा नव्हती. या नियमाला एक मोठा अपवाद होता, तो धंद्याच्या वहीचा. वही कोर्टापुढें ठेवून, 'या नोंदी ज्या त्या वेळींच केल्या आहेत' अशी शपथ मालकास घेतां येई. त्यामुळें मागाहून घुसडलेली एक ओळही संबंध वहीवरील विश्वास घालवूं शके. आणि पिठानें माखलेल्या हातांनीं, अशुद्ध कां होईना, पण त्याच सांजेस लिहिलेली नोंद ग्राह्य ठरे.